थरथरता हात आणि कीबोर्ड
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'पंधरा मिनिटे' असं छापलंय. आतल्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, त्यामुळे ती पाळावीच लागतील. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाने शाळेसाठी, दुष्काळासाठी, पुरासाठी निधी जमवला. यंदाचा विषय ऐकून काही जणांनी विचारलं, "कीबोर्डसाठी निधी? कीबोर्ड तर वीस युरोला मिळतो की!" मिळतो. पण ज्याचा हात थरथरतो, त्याला तो वीस युरोंचा कीबोर्ड वापरता येत नाही. म्हणून आम्ही चार-पाच जण आज इथे उभे आहोत.

आधी थोडं आजाराबद्दल, कारण यात गल्लत फार होते. हात थरथरला की आपण लगेच 'कंपवात' म्हणून मोकळे होतो. थरथर अनेक प्रकारची असते. थायरॉइड वाढल्याने, दम्याच्या किंवा इतर काही औषधांनीही हात कापतो. त्यामुळे पहिलं काम न्यूरोलॉजिस्टकडे जाण्याचं, कीबोर्ड नंतर. पण दोन मोठे प्रकार आपल्याला माहीत हवेत. एक पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात. यात थरथर साधारणपणे सेकंदाला ४ ते ६ वेळा होते, आणि ती हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना जास्त दिसते. दुसरा प्रकार डॉक्टर 'इसेन्शिअल ट्रेमर' म्हणतात तो. हा कंपवातापेक्षाही जास्त लोकांना असतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. यात उलटं होतं. हात स्वस्थ असताना ठीक, पण कप उचलला, सही करायला घेतली, बटणावर बोट नेलं की कापायला लागतो. म्हणजे टायपिंगला खरा त्रास या दुसऱ्या प्रकाराचा. कंपवातात थरथरीपेक्षाही हालचाल मंदावते ही अडचण मोठी. बोट बटणावर पडतं आणि वेळेत उचललंच जात नाही, मग पडद्यावर 'ककककक' अशी रांग लागते.

जर्मनीत पार्किन्सन्सचे सुमारे चार लाख रुग्ण आहेत असं धरतात. त्यांची इथली मोठी संघटना, डॉयचे पार्किन्सन फेरआइनिगुंग, १९८१ पासून काम करते आहे. मुख्य कचेरी नॉइस गावी. आपल्याकडे मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी संस्था उभी राहिली, आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. पुण्यात हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. हे हृषीकेश पवार आपल्या शेजारच्या ड्रेस्डेनच्या पालुका शाळेत नृत्य शिकून गेलेले, हे इथे किती जणांना ठाऊक आहे?

आता एका जुन्या माणसाची गोष्ट सांगायचा मोह होतोय. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट. बर्लिनचं विद्यापीठ ज्यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं ते. आपल्याला त्यांच्याबद्दल जवळीक वाटायचं आणखी एक कारण आहे. १८२५ आणि १८२६ मध्ये त्यांनी बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर व्याख्यानं दिली होती. तर या गृहस्थांना उतारवयात कंपवात झाला. इंग्लंडमध्ये जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावरचा निबंध १८१७ मध्येच छापला होता, पण हुम्बोल्टना आपल्याला काय झालंय याचं नाव ठाऊक नव्हतं. हे म्हातारपणच लवकर आलं, अशी त्यांची समजूत. तरी आपल्या पत्रांतून त्यांनी जे लिहून ठेवलं ते आजचे डॉक्टरही वाचतात. हात स्वस्थ असताना कापतो. लिहिताना अक्षर बारीक बारीक होत जातं. ताकद गेलेली नाही, पण एकापाठोपाठ एक भराभर करायच्या बारीक हालचाली जमत नाहीत, एक वेगळीच अडखळ येते. शरीर पुढे वाकलंय. इतकं नेमकं निरीक्षण! १८३५ साली ते गेले तोवर भाषांवरचं त्यांचं मोठं काम चालूच होतं. ते मदतनिसाच्या हातून पुरं झालं आणि मागाहून छापलं गेलं. हुम्बोल्टना मदतनीस होता. आपल्यातल्या किती जणांना असतो?

त्यांच्या काळी टाइपरायटर नव्हता. गंमत अशी की लिहिण्याची यंत्रं सुरुवातीला बरीचशी अडचणीतल्या माणसांसाठीच झाली. इटलीत पेलेग्रिनो तुर्री यांनी एका अंध बाईंना पत्रं लिहिता यावीत म्हणून यंत्र बनवलं, ते १८०८ च्या सुमारास. नीत्शेंची दृष्टी अधू झाली तेव्हा त्यांनी १८८२ मध्ये डेन्मार्कचं एक चेंडूसारखं टाइपयंत्र घेतलं होतं. पुढे ऑफिसांनी ही यंत्रं उचलली आणि मग बटणं धडधाकट, वेगवान बोटांच्या मापाची झाली. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९ मिलिमीटर, ते आजतागायत तसंच आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या ओळखीचे एक काका आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून इकडे आले, इथेच निवृत्त झाले. आपल्या गणपतीचा हिशेब बरीच वर्षं त्यांनीच लिहिला. सांगलीला त्यांची थोरली बहीण असते, त्यांना सगळे अक्का म्हणतात. काका दर रविवारी अक्कांना मराठीतून ई-मेल लिहायचे. बागेतली सफरचंदं, नातवाची शाळा, राजकारण, सगळं. अक्कांचा मुलगा ते छापून त्यांना वाचायला द्यायचा. दोनेक वर्षांपूर्वी ही पत्रं आखूड व्हायला लागली. पुढे पुढे नुसतं 'पत्र मिळाले. ठीक.' एवढंच. अक्कांनी काकूंना फोन केला, "अगं, तो माझ्यावर रागावलाय का गं? वाटणीचं काही मनात धरलंय का?"

काका रागावलेले नव्हते. एक ओळ टाइप करायला त्यांना पंधरा मिनिटं लागत होती, आणि त्यातली दहा चुका खोडण्यात जात होती. काकूंनाही त्यांनी ते सांगितलं नव्हतं. आपली पिढीच तशी, रडगाणं नको. बँकेचा पासवर्ड तीनदा चुकून खातं बंद पडलं तेव्हा कुठे घरात कळलं. आणि ही गोष्ट एकट्या या काकांची नाही. आम्ही विचारपूस सुरू केली तेव्हा आपल्याच सभासदांत आणखी तीन घरं निघाली.

काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणालाही ते आज रात्री घरी जाऊन करता येईल.

पहिली गोष्ट फुकट आहे. विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ सालापासून, प्रत्येक विंडोज संगणकात या सोयी आहेत. मुळात त्या अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ग्रेग व्हँडरहायडन यांच्या केंद्रात तयार झाल्या. जर्मन विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये 'बारिअरफ्रायहाइट' आणि त्यात 'टास्टाटूर' उघडा. तिथे 'आनश्लागफरत्स्योगरुंग' नावाची सोय दिसेल. नाव ऐकूनच माणूस घाबरतो, पण काम सोपं आहे. हिचे दोन भाग. एकात, तेच बटण लगेच दुसऱ्यांदा दाबलं गेलं तर संगणक ते धरतच नाही. दुसऱ्यात, बटण काही क्षण दाबून धरलं तरच ते दाबलं असं मानतो. ओझरता धक्का लागला तर दुर्लक्ष करतो.

आता जरा हिशेब करू. थरथर सेकंदाला ४ ते ६ वेळा, म्हणजे दोन धक्क्यांमध्ये पाव सेकंद किंवा त्याहूनही कमी. संगणकाला सांगितलं की अर्ध्या सेकंदाच्या आत तेच बटण पुन्हा आलं तर सोडून दे, तर थरथरीने पडणारी जादा अक्षरं जवळजवळ सगळी गळून जातात. जे हेतूने दाबायचं ते थोडं थांबून दाबायचं, बस्स. दोन्ही भाग एकदम लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. आधी एक लावा, आठवडाभर वापरा, मग दुसऱ्याचं बघा. एकदम सगळं बदललं की माणूस वैतागतो आणि कीबोर्ड कपाटात जातो.

जर्मन लिहिणाऱ्याला या सोयीचा थोडा जाच होतो. 'शिफफार्ट' या शब्दात १९९६ च्या सुधारणेनंतर तीन एफ लागोपाठ येतात! प्रत्येक एफपाशी थांबावं लागतं. आपल्या मराठीचं काय? इथे आम्हाला सुखद धक्का बसला. काका इनस्क्रिप्ट पद्धतीने टाइप करतात. ही भारत सरकारने १९८६ मध्ये ठरवलेली मांडणी. व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला. त्यात 'अक्का' लिहायचं तर अ, मग क, मग पाय मोडायचं बटण, मग पुन्हा क, मग काना. दोन 'क'च्या मध्ये पायमोडीचं वेगळं बटण येतंच. म्हणजे तेच बटण लागोपाठ दोनदा दाबायची वेळ मराठीत फारशी येतच नाही. थरथरत्या हाताला आपली लिपी अशी मानवते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. याउलट जे रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात, 'दोनदा ए दाबला की आ' असं, त्यांचा दुसरा 'ए' ही सोय गिळून टाकते आणि 'बाळ'चं 'बळ' होतं. त्यामुळे हात कापत असेल तर इनस्क्रिप्ट शिकावं, असं आमचं स्पष्ट मत झालंय. सत्तरीत नवी मांडणी कोण शिकणार, असं म्हणाल. काकांना आधीपासून येत होती हे खरं. पण दुसऱ्या घरातल्या एका आजींनी महिन्याभरात शिकून घेतली, बटणांवर मोठी देवनागरी अक्षरं चिकटवून.

इनस्क्रिप्टला एक खोट आहे, तीही सांगायला हवी. शिफ्ट फार लागते. ख, भ, ण, ळ, श आणि आ, ई, ऊ सारखे सुटे स्वर, सगळे शिफ्ट धरून. 'खुशाल' या शब्दात पाच बटणं, त्यातली दोन शिफ्टची. एका हाताने शिफ्ट धरून ठेवायची आणि दुसऱ्याने नेम धरायचा, हे थरथरत्या हातांना महाकठीण. त्यावर उपाय 'आइनरास्टफुंक्त्सिओन'. शिफ्ट एकदा दाबून सोडून द्यायची, ती पुढच्या अक्षरासाठी लागलेलीच राहते. कंट्रोल आणि आल्टलाही तसंच. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबली की ही सोय सुरू करायची का, असं संगणक स्वतःच विचारतो. तुमच्या पडद्यावर ही पाटी कधी तरी आली असेल आणि तुम्ही वैतागून 'नाईन' म्हणाला असाल. ती कुणासाठी होती ते आता कळलं ना?

आता दुसरी गोष्ट, जी फुकट नाही. कीबोर्डावर बसवायची भोकांची जाळी. जर्मनमध्ये तिला 'फिंगरफ्यूररास्टर' म्हणतात. जाड प्लेक्सिग्लासची पट्टी, प्रत्येक बटणावर एक गोल भोक. हात जाळीवर टेकवून सरकवायचा, बोट भोकात घातलं की तेच बटण दाबलं जातं, शेजारचं लागत नाही. हाताला आधार मिळतो हाच मोठा फायदा, कारण हात अधांतरी असला की थरथर वाढते. काकांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "हा काय शेवेचा सोऱ्या आणलात?" आठवडाभर कुरकुर केली. भोकांत नख अडकतं म्हणाले, मग नखं कापली. धूळ बसते म्हणाले, ती बसतेच.

बटणं किती जड हेही बघावं लागतं. यांत्रिक कीबोर्डात निरनिराळ्या वजनाची बटणं मिळतात. लाल खुणेची बटणं सुमारे ४५ सेंटिन्यूटनला दाबली जातात, काळी ६० ला. ज्याच्या हातात जोर आहे पण थरथर आहे, त्याला जड बटण बरं, कारण ओझरत्या धक्क्याने ते खाली जात नाही. ज्याची बोटं मंदावलीत, त्याला हलकं. एकच कीबोर्ड सगळ्यांना चालत नाही. दुकानात जाऊन दहा कीबोर्ड दाबून बघायची सोय नसते, आणि मागवून परत पाठवण्यात म्हातारी माणसं थकतात. आम्हाला मंडळाची एक 'उसनी पेटी' करायची आहे ती याचसाठी. तीन-चार प्रकारचे कीबोर्ड, त्यांच्या जाळ्या, मनगटाच्या उशा, एक मोठ्या बटणांचा कीबोर्ड. ज्याला हवं त्याने महिनाभर घरी न्यावं, मानवेल ते कळलं की स्वतःचं घ्यावं, पेटी पुढच्या घरी.

"आता बोलून लिहिता येतं की," असं तरुण मंडळी म्हणतात. येतं, मराठीतही बरंच बरं येतं. पण कंपवातात आवाजही बारीक आणि सपाट होत जातो. यंत्राला तो कळेनासा होतो. आणि पासवर्ड मोठ्याने कोण म्हणणार? उंदीर, म्हणजे माउसची अडचणही अशीच. आयबीएमने २००५ मध्ये थरथर गाळणारा एक जोड काढला होता. तो विषय वेगळा, वेळ नाही.

आता पैशाचं, कारण तुम्ही सगळे त्यासाठी बसलाय. पहिला प्रश्न नेहमी येतो, "क्रांकेनकासे देत नाही का?" साधा संगणक ती देत नाही, ती रोजच्या वापराची वस्तू समजली जाते. पण अपंगत्वामुळे लागणारा जोड, जाळीसारखा, हा सहाय्यक साधनात बसू शकतो. डॉक्टरची लेखी चिठ्ठी हवी, अर्ज खरेदीच्या आधी हवा. काकांचा अर्ज एका कचेरीतून 'ही संगणकाची वस्तू आहे' असं म्हणून परत आला. एक महिन्याच्या आत विडरश्प्रुख द्यायचा असतो, तो दिला. एर्गोथेरपिस्टबाईंनी अर्धं पान लिहून दिलं की याशिवाय हा माणूस पत्र लिहू शकत नाही. मग जाळी मंजूर झाली. चार महिने गेले. नाही आलं म्हणून गप्प बसू नका, एवढंच सांगणं.

जे अजून नोकरीत आहेत त्यांचा मार्ग निराळा आणि खरं तर सोपा आहे. पंधरा वर्षं पेन्शनचा विमा भरलेला असेल तर सहसा डॉयचे रेंटनफरझिशरुंग, नाही तर आगेंटूर फ्युर आर्बाइट. चुकीच्या दारी अर्ज गेला तरी त्या कचेरीने दोन आठवड्यांत तपासून योग्य जागी पाठवायचा असतो, असा कायदा आहे. अपंगत्वाची पातळी ५० ठरली तर कामाच्या जागी योग्य साधनं मागण्याचा हक्कच मिळतो. ३० असेल तर बरोबरीच्या दर्जासाठी अर्ज करता येतो. आपल्या आयटीवाल्या मंडळींत कुणाचा हात कापत असेल आणि वरिष्ठांपासून लपवाछपवी चालली असेल, तर त्यांनी हे लक्षात ठेवावं. २०१८ पासून जागोजागी 'एउटेबे' नावाची सल्ला केंद्रं आहेत, तिथे फुकट सल्ला मिळतो. आणि कोलोनहून चालणाऱ्या 'रेहाडाट'मध्ये बाजारातली सगळी साधनं शोधता येतात.

मग मंडळाचे पैसे कशाला? एक तर मंजुरीपर्यंतचे महिने. तेवढ्यात माणूस लिहायचं सोडून देतो, आणि एकदा सोडलं की परत धरत नाही. दुसरं, ज्यांचे आई-वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे येतात त्यांना यातलं काहीच लागू नाही. तिसरं, गावाकडचे आपले लोक. काही जणांनी सुचवलं की इथून जाळ्या विकत घेऊन भारतात पाठवू. आम्हाला ते पटत नाही. इथली जाळी इथल्या कीबोर्डाच्या मापाची, तिथे ती बसणार नाही. शिवाय तयार जाळीची किंमत कीबोर्डासकट शंभर-दोनशे युरोंच्या पुढेच जाते. त्यापेक्षा ॲक्रिलिकचा तुकडा लेसरने कापून घेणं केव्हाही स्वस्त, आणि पुण्या-कोल्हापुरात पाट्या आणि ट्रॉफी बनवणारे ते काम रोज करतात. आपल्यातल्या दोघा तरुण इंजिनिअरांनी इथल्या फॅबलॅबमध्ये दोन जाळ्या कापून बघितल्या आहेत. पहिलीची भोकं किंचित लहान झाली, दुसरी बसली. नकाशा तयार आहे. आज जमलेल्या रकमेतून आधी उसनी पेटी होईल, उरेल त्यातून तिकडे जाळ्या कापून घ्यायच्या. हिशेब पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडू, पावत्यांसकट.

मागच्या टेबलावर ती दुसरी जाळी ठेवली आहे. मनगटाला ओल्या वाळूची छोटी पिशवी बांधून जरा टाइप करून बघा, आधी जाळीशिवाय, मग जाळीसकट. देणगीची पेटी त्याच टेबलावर आहे. बँकेतून देणार असाल तर पावतीसाठी पूर्ण पत्ता लिहा. गेल्या वर्षी सात जणांनी तो लिहिला नव्हता.

काकांच्या अक्कांना आता पुन्हा लांब पत्र जातं. मागचं पत्र दीड पानाचं होतं, त्यातला निम्मा भाग सफरचंदांवर पडलेल्या किडीबद्दल. अक्कांनी उलट कळवलंय की कडुनिंबाचं तेल फवारा, आणि ते इथे कुठे मिळेल असं काका आता आम्हाला विचारतायत. कुणाला माहीत असेल तर वडे खाता खाता सांगा.